नाताळ, अंगारकी आणि मतदान

२०२५ च्या नाताळापूर्वीच्या आठवड्यात आमच्या वाडीतल्या गप्पांमध्ये तीन तारखा सतत एकमेकींच्या पायात येत होत्या: २५ डिसेंबर, ६ जानेवारी आणि १५ जानेवारी. पहिला आमचा सण, दुसरी अंगारकी संकष्टी आणि तिसरा वसई-विरार महानगरपालिकेच्या मतदानाचा दिवस. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील कॅथलिक बागायतदाराला अंगारकीचे एवढे काय पडले आहे, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. परंतु ज्याच्या वाडीत जास्वंद आहे, त्याला गणपतीची तिथी पंचांग न उघडताही ठाऊक असते. नाताळात करंज्यांच्या सारणापासून मुलांच्या कपड्यांपर्यंत जी उधारी होते, ती आमच्यापैकी अनेक जण अंगारकीच्या फुलांवरच फेडतात.

या गप्पा बहुतेक दुपारनंतर, कळ्या खुडताना होतात. जास्वंदीचे उमललेले फूल बाजारात चालत नाही. आदल्या दिवशी रंग धरलेली, पण पाकळ्या घट्ट मिटलेली कळी देठासकट खुडून ओल्या फडक्यात ठेवावी लागते, म्हणजे ती दादरच्या फूलबाजारात पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी उमलते. हाताला सवय असल्यामुळे लक्ष कळीकडे फारसे द्यावे लागत नाही आणि तोंड मोकळे राहते. निर्मळची जत्रा उरकल्यापासून त्या तोंडी पालिकेशिवाय दुसरा विषय क्वचितच आला होता.

पालिकेची त्याआधीची निवडणूक २०१५ साली झाली होती. २०२० साली मुदत संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती होता. आमच्या शेजारच्या काकांचे त्यावरचे मत ठाम होते. ‘‘नगरसेवक होते तेव्हाही हा नाला तुंबत होता, आणि नव्हते तेव्हाही तुंबलाच. मग ते आल्याने फरक काय पडणार?’’ असे त्यांनी विचारताच आत्याने कळ्यांची टोपली सरकवत उत्तर दिले, ‘‘अहो, निदान शिव्या द्यायला एक दार तरी मिळेल की नाही?’’

नाल्याचा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी वाडीचे सगळे राजकारण त्यातच आहे. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक वाडीच्या पोटात एक बावखल असे. पावसाचे पाणी त्या तळ्यात साठायचे, शेजारच्या विहिरीला पाझरायचे आणि पुढे रहाटाने पाटात चढून केळी, पानवेल आणि भाजीच्या वाफ्यांपर्यंत जायचे. रहाट जाऊन विजेचे पंप आले, जमिनीला भाव आला आणि बावखल म्हणजे फुकट गेलेली जागा, असे वाटू लागल्यावर त्यांत भराव पडू लागला. त्यानंतर एकाच वाडीत दोन उलट तक्रारी ऐकू येऊ लागल्या: पावसाळ्यात पाणी ओसरत नाही आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ लागते. जुलै २०१८ च्या पुरात वसई कितीतरी दिवस पाण्यात होती, तेव्हा ‘हे पाणी आले कुठून’ असा प्रश्न शहरातल्या लोकांना पडला होता. बागायतदाराला तो पडला नाही, कारण पाण्याची जागा कोणी घेतली, हे त्याने वर्षानुवर्षे कुंपणापलीकडून पाहिले होते.

हे जाहीरपणे बोलणारी माणसे आमच्याकडे होती. वसईची हिरवाई वाचवण्यासाठी हरित वसईचे आंदोलन उभारणारे आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जुलै २०२४ मध्ये गेले. त्यांच्या पश्चात होणारी ही पालिकेची पहिलीच निवडणूक होती. आता ‘हरित वसई’ हे शब्द झाडून सगळ्या पक्षांच्या तोंडी होते, आणि माझ्या मते हीच चिंतेची गोष्ट होती.

मधूनच गप्पा सणाकडे वळतात. नाताळगोठ्यासाठी पेंढा कोणाकडून आणायचा, कुलकुल्यांचे पीठ कोण मळणार, परदेशातली मुले येणार की व्हिडिओ कॉलवरच भागवणार, हे सगळे ठरून जाते. एक गंमत मात्र दरवर्षी मला खटकते. आमची जास्वंद आणि तगर दादरमार्गे मुंबईच्या देवळांत जातात आणि आमच्या चर्चच्या वेदीसाठी जरबेरा त्याच दादरहून विकत आणला जातो, जो घाटावरच्या पॉलिहाउसमध्ये वाढलेला असतो. सोनचाफा वेदीवर ठेवा, असे मी सुचवून पाहिले. थंडीत चाफा कमी येतो, हे उत्तर खरे असल्यामुळे मला गप्प बसावे लागले.

आचारसंहिता लागल्यापासून नाक्यावरचे शुभेच्छांचे फलक उतरले होते, परंतु २३ तारखेपासून अर्ज भरायचे असल्यामुळे इच्छुकांची पावले वाडीपर्यंत पोहोचू लागली होती. त्यांतला एक जण ‘‘काही अडचण असेल तर सांगा’’ म्हणत आला. आत्या त्याला थेट नाल्यावर घेऊन गेली. त्याने मोबाइलवर फोटो काढले, मान डोलावली आणि भराव कोणी टाकला, असे विचारले. काकांनी नाव सांगितल्यावर त्याचा मोबाइल खिशात गेला. भराव टाकणारे ते गृहस्थ त्याच्याच पॅनेलचे निघाले.

आमच्या प्रभागात प्रत्येकाला चार मते द्यायची होती, त्यामुळे हिशेबाला वाव भरपूर होता. चारही मते एकाच पक्षाला द्यायची नाहीत, यावर काका आणि आत्या यांचे प्रथमच एकमत झाले. येणाऱ्या प्रत्येकाला घरात बसवण्याआधी नाल्यावर न्यायचे, हेही ठरले. मतदानाच्या आदल्या दिवशी संक्रांत असल्याने त्या पहाटे फुले जास्त जातील आणि माणसे दमलेली असतील, म्हणून आमच्या आळीने १५ तारखेला दुपारचे जेवण उरकून मतदानाला जायचे ठरवले.