लिस्टिंगमध्ये जे लिहिलेलं नाही: ईबेवर जुने गेम घेताना

‘पोकेमॉन एमरल्ड, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, टेस्ट केलेलं नाही, फोटोत दिसतं तसं.’ म्हणजे निन्टेन्डो या कंपनीच्या हातात धरून खेळायच्या जुन्या यंत्राचा एक गेम. खाली एकच फोटो, आणि त्यातही फ्लॅशच्या चकाकीने लेबलचा अर्धा भाग गायब. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर अशा लिस्टिंग, म्हणजे विक्रीच्या जाहिराती, रोज ढिगाने लागतात. काही जण त्या बघताच पुढे जातात, काही जण स्वस्तात मिळेल म्हणून उडी मारतात. दोन्ही टोकं टाळता येतात. लिस्टिंगमध्ये जे लिहिलेलं किंवा दिसत नाही, ते नाहीच असं धरायचं आणि बोली त्या हिशोबाने लावायची. डबा दिसत नाही म्हणजे डबा नाही. सेव्ह होतं (खेळ जिथवर आला ते साठवलं जातं) असं लिहिलं नाही म्हणजे होत नाही. मग विक्रेत्याला विचारून एकेक गोष्ट परत हिशोबात घ्यायची.

सुरुवात भावापासून करा. ईबेच्या शोधात ‘सोल्ड आयटम्स’चा फिल्टर आहे, त्यात गेल्या ९० दिवसांतले झालेले व्यवहार दिसतात. चालू लिस्टिंगमध्ये लोक काय किंमत मागतात याला काही अर्थ नसतो. प्राइसचार्टिंगसारख्या साइटवर नुसतं कार्ट्रिज (गेम असलेला, कन्सोलमध्ये म्हणजे खेळायच्या यंत्रात घालायचा प्लास्टिकचा तुकडा), डबा-मॅन्युअलसह पूर्ण संच आणि सीलबंद असे तीन भाव वेगवेगळे मिळतात. समजा अस्सल, चालू, नुसतं कार्ट्रिज १०० डॉलरच्या आसपास जातंय. मग ‘टेस्ट केलेलं नाही’ आणि एका धूसर फोटोवर ९० ची बोली लावणं म्हणजे विक्रेत्याचा सगळा धोका आपण १० डॉलरमध्ये उचलणं. बनावट निघण्याची शक्यता खरीच असेल, तर निम्म्याच्या वर जाऊ नये असं माझं मत आहे.

विक्रेता कोण आहे, हेही बघायचं. त्याच्या बाकीच्या लिस्टिंग उघडा. कपबशा, जुने कॅमेरे, पडदे आणि मध्येच एक गेम असेल, तर तो घर रिकामं करून विकणारा माणूस आहे. त्याची संदिग्धता अज्ञानातून येते, आणि चांगला सौदा मिळाला तर तिथेच मिळतो. याउलट शेकडो गेम विकणाऱ्याने ‘टेस्ट करायला कन्सोल नाही’ असं लिहिलं, तर तिथून निघा. गेम बॉयचं कार्ट्रिज तपासायला एक मिनिट लागतं. तो व्यापारी आहे, त्याने तपासलेलं असतं.

आता एमरल्डचंच उदाहरण पुढे नेऊ, कारण बनावट मालाचा सुळसुळाट गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पोकेमॉन गेम्समध्ये सगळ्यात जास्त आहे. ‘अस्सल आहे का?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. उत्तर ‘हो’ असंच येतं, आणि अनेकदा विक्रेत्याला स्वतःलाही माहीत नसतं. मागायचे ते फोटो. पहिला लेबलचा, सरळ समोरून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. लेबलवरचा कोड वाचता आला पाहिजे: अमेरिकी एमरल्डचा एजीबी-बीपीईई-यूएसए, फायररेड या दुसऱ्या पोकेमॉन गेमचा एजीबी-बीपीआरई-यूएसए. शेपटीचा भाग यूएसए आणि लेबलवर युरोपातलं वयचिन्ह, असा मेळ बसत नसेल तर संशय घ्या. अस्सल लेबलच्या उजव्या बाजूला दोन अंकी आकडा, कधी त्यापुढे एखादं अक्षर, असा दाबाचा ठसा असतो. तो शाईचा नसतो, त्यामुळे तिरक्या उजेडातच दिसतो. म्हणून दुसरा फोटो तिरका मागा. तिसरा फोटो खालच्या कडेचा, जिथे सोनेरी पट्ट्या आहेत. त्या पट्ट्यांच्या वर सर्किट बोर्डवर ‘निन्टेन्डो’ छापलेलं असतं आणि कार्ट्रिज न उघडता फटीतून वाचता येतं. बनावट बोर्डवर ते बहुतेक वेळा नसतं.

रंगही बघा. याच मालिकेतल्या रुबी, सफायर आणि एमरल्ड यांची कवचं अर्धपारदर्शक, फायररेड आणि लीफग्रीनची अपारदर्शक. एमरल्डच्या कवचातून आतली गोल बॅटरी दिसते. मोठ्या चिपऐवजी काळ्या रेझिनचा गोळा दिसला, तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही.

बॅटरीबद्दलचं एक वाक्य लिस्टिंगमध्ये असलं, की त्यावरून खूप काही वाचता येतं. गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या गेम बॉय कलरच्या गेम्समध्ये सीआर२०२५ बॅटरीवर सेव्हही चालतं आणि घड्याळही. घड्याळामुळे ती लवकर संपते, आणि संपली की सेव्ह गेलं. तिथे ‘बॅटरी बदलावी लागेल’ म्हणजे आत्ता हा गेम खेळून पूर्ण करता येणार नाही. रुबी, सफायर, एमरल्डमध्ये सीआर१६१६ असते, पण सेव्ह फ्लॅश मेमरीत, म्हणजे बॅटरीशिवाय टिकणाऱ्या चिपमध्ये, जातं. बॅटरी मेली की गेम सुरू होताना तसा संदेश येतो. गेममधल्या रोपांना बेरी धरत नाहीत, शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी थांबते, बाकी गेम आणि सेव्ह ठणठणीत. म्हणजे तेच वाक्य एमरल्डच्या लिस्टिंगमध्ये असेल, तर किरकोळ सवलत मागण्यापुरतंच. आणि फायररेड किंवा लीफग्रीनमध्ये अस्सल बोर्डवर बॅटरीच नसते. ‘फायररेड, नवीन बॅटरी टाकली आहे’ असं कुणी लिहिलं, तर त्याने माल बनावट असल्याचं नकळत सांगून टाकलं आहे.

बनावट कार्ट्रिज सुरुवातीला व्यवस्थित चालतं, हाच त्रास आहे. अनेकदा शेवटच्या लढतीनंतर हॉल ऑफ फेम (विजेत्यांची नोंद) सेव्ह होतानाच फाइल उडते, किंवा निन्टेन्डोच्या पुढच्या डीएस कन्सोलमध्ये घालून पुढच्या पिढीच्या गेममध्ये पोकेमॉन हलवायला गेलं की ते ओळखलंच जात नाही. म्हणून ‘चालतो, टेस्ट केला’ हे अस्सलपणाचं प्रमाण धरू नका.

इतर कार्ट्रिजमध्ये सेव्हचा प्रश्न असा विचारा: ‘नवा गेम सुरू करून सेव्ह करा, कन्सोल बंद करून कार्ट्रिज काढा, पुन्हा घाला. फाइल दिसते का?’ नेस आणि सुपर नेस या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या बॅटरी-सेव्ह कार्ट्रिजमध्ये बहुतेक सीआर२०३२ असते. एन६४ (निन्टेन्डो ६४) मध्ये गेमनुसार फरक पडतो: सुपर मारिओ ६४ ला बॅटरीच नाही, ऑकारिना ऑफ टाइमला आहे. ‘नवीन बॅटरी बसवली’ असं लिहिलं असेल तर आतला फोटो मागा. टॅब असलेली, डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली बॅटरी हवी. चिकटपट्टीने दाबून ठेवलेली बॅटरी एका धक्क्याने सरकते आणि सेव्ह जातं.

डिस्कच्या गेम्समध्ये ‘हलके चरे’ या दोन शब्दांत काहीही मावतं. सीडीमध्ये, म्हणजे प्लेस्टेशन १ आणि सेगा सॅटर्नमध्ये, डेटाचा थर लेबलच्या लगेच खाली असतो. त्यामुळे खालच्या बाजूचे चरे पॉलिशने निघू शकतात, पण लेबलवरचा खोल ओरखडा जीवघेणा ठरतो. विक्रेते फोटो मात्र खालच्याच बाजूचा देतात. दोन्ही बाजूंचे मागा, आणि डिस्क बल्बसमोर धरून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का तेही विचारा. डीव्हीडीचा थर जाडीच्या मधोमध, म्हणून ती जास्त सहनशील. पीएस३ (प्लेस्टेशन ३) पासूनच्या ब्लू-रेमध्ये थर वाचण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो. वरचा कडक लेप चरे पडू देत नाही, पण एकदा खोल चरा पडला की तो पॉलिशने जात नाही. ‘डिस्क पॉलिश करून दिली आहे’ ही ओळ पीएस३ च्या लिस्टिंगमध्ये असेल, तर ती घेऊ नका.

अनेक डिस्कच्या गेममध्ये ‘टेस्टेड’ म्हणजे पहिली डिस्क मेनूपर्यंत गेली, एवढंच. फायनल फँटसी ७ च्या तीन डिस्क, ८ आणि ९ च्या चार-चार. प्रत्येक डिस्क एकाच फोटोत दिसली पाहिजे.

रीजन, म्हणजे गेम कुठल्या भागातल्या कन्सोलसाठी आहे, हा रकाना ईबेवर अनेकदा कॅटलॉगमधून आपोआप भरला जातो, त्यावर विसंबू नका. डब्याच्या कण्यावरचा कोड वाचा. प्लेस्टेशन १ आणि २ मध्ये एसएलयूएस किंवा एससीयूएस म्हणजे अमेरिका, एसएलईएस किंवा एससीईएस म्हणजे युरोप, एसएलपीएस किंवा एसएलपीएम म्हणजे जपान. या दोन कन्सोलना रीजनचं कुलूप आहे, निन्टेन्डोच्या ३डीएसलाही आहे. पीएस३ चे जवळजवळ सगळे गेम कुठेही चालतात, गेम बॉय आणि अ‍ॅडव्हान्सचे सगळे. फोटोही कॅटलॉगचाच असेल, तर ज्या वस्तूवर बोली लावायची ती तुम्ही पाहिलेलीच नाही.

पीसीचे वापरलेले डबे घेताना वेगळा धोका असतो. २००४ मधल्या हाफ-लाइफ २ पासून स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात एकदा वापरलेला डब्यातला कोड दुसऱ्या खात्यावर चालत नाही, त्यामुळे तो डबा शोभेचा. निन्टेन्डो स्विचच्या काही डब्यांत तर कार्ट्रिज नसतंच, फक्त डाउनलोडचा कोड असतो. ‘वापरलेला’ असा डबा म्हणजे वापरलेला कोड.

दहा-वीस गेमचा लॉट असेल तर ज्यांची लेबलं वाचता येतात तेवढेच मोजा, बाकीच्यांची किंमत शून्य धरा. ‘फोटोतलं सगळं मिळणार नाही’ अशी ओळ वर्णनात खाली कुठेतरी दडलेली असते. वर्णन शेवटपर्यंत वाचा. शीर्षक आणि वर्णन जुळत नसेल, तर विचारल्याशिवाय बोली नको.

प्रश्न ईबेच्या मेसेजमधूनच विचारा, म्हणजे उत्तराची नोंद राहते. एका मेसेजमध्ये दोन-तीनच प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर फोटोने किंवा हो-नाहीने देता येईल असं. फोटो उसने वाटले तर कागदावर आजची तारीख आणि विक्रेत्याचं खातेनाव लिहून गेमशेजारी ठेवलेला फोटो मागा. लिलाव संपायच्या एक-दोन दिवस आधी विचारा, कारण बोली लागलेली असेल तर शेवटच्या १२ तासांत विक्रेत्याला लिस्टिंग फारसं बदलता येत नाही. बोली लावल्यावर वर्णन लक्षणीय बदललं, तर बोली मागे घेता येते. पण शेवटच्या १२ तासांत फक्त त्याच काळात लावलेली, आणि तीही लावल्यापासून तासाभरात.

ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला संपतो, म्हणून कमाल रक्कम एकदाच ठरवून शेवटच्या काही सेकंदांत टाकणं शहाणपणाचं. याहू ऑक्शन्स जपान या जपानी लिलावाच्या साइटवर बहुतेक लिलावांत शेवटच्या पाच मिनिटांत बोली वाढली की वेळ आणखी पाच मिनिटं लांबते, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथली संदिग्धता मात्र शिस्तीची असते. ‘दोसा मिकाकुनिन’ म्हणजे चालवून पाहिलेलं नाही, ‘सोफुतो नोमी’ म्हणजे नुसतं कार्ट्रिज किंवा डिस्क, ‘हाकोसेत्सु त्सुकी’ म्हणजे डबा आणि मॅन्युअलसह. ‘जान्कु’ म्हणजे चालण्याची कसलीही हमी नाही. जान्कु कार्ट्रिज अनेकदा फक्त मळलेली असतात आणि संपर्कपट्ट्या पुसल्या की चालतात, तेवढा धोका घ्यायला हरकत नाही. जान्कु डिस्क-कन्सोल मात्र लेन्स आणि मोटर दुरुस्त करता येत असेल तरच. तिथे बायी किंवा झेनमार्केटसारख्या मध्यस्थामार्फतच घ्यावं लागतं, आणि ‘नो क्लेम, नो रिटर्न’ लिहिलेलं असेल तर पैसे परत मिळण्याची आशा ठेवू नका.

ईबेची भारतीय साइट २०१८ मध्ये बंद झाली. त्यामुळे पुण्या-मुंबईहून घेणाऱ्याने बोली ठरवताना आंतरराष्ट्रीय टपाल, सीमाशुल्क आणि कुरिअरची हाताळणी फी आधीच वजा करावी. दहा डॉलरच्या गेमवर त्याहून मोठा खर्च सहज चढतो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून दोन-चार गेम एकत्र मागवणं परवडतं.

पार्सल आलं की उघडताना सलग व्हिडिओ घ्या. कार्ट्रिजच्या पट्ट्या ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा, वाळू द्या, मग लावा. फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. सेव्हची चाचणी करा. त्यानंतरच स्क्रू काढा. पेचकस असे: गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला तीन पात्यांचा ट्राय-विंग, जुन्या गेम बॉय, नेस, सुपर नेस आणि एन६४ कार्ट्रिजला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट. फोटोंवरूनच माल बनावट दिसत असेल तर उघडू नका, आहे तसा ठेवून तक्रार करा.

ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत वर्णनाप्रमाणे नसलेल्या वस्तूची तक्रार माल पोचल्यापासून ३० दिवसांत करायची असते. विक्रेत्याला उत्तरासाठी कामाचे तीन दिवस मिळतात, त्यानंतर ईबेला मध्ये घालता येतं. ‘परत घेणार नाही’ असं लिस्टिंगमध्ये लिहिलेलं असलं तरी हा हक्क जात नाही. ‘टेस्ट केलेलं नाही’ किंवा ‘सुट्या भागांसाठी’ असं स्पष्ट लिहिलेला गेम चालला नाही, तर मात्र तुमची बाजू लंगडी पडते. तेच कार्ट्रिज बनावट निघालं तर त्या ओळीचा विक्रेत्याला काही उपयोग नाही, कारण न तपासलेला गेमही अस्सलच असायला हवा. तक्रारीत ‘फसवणूक झाली’ असं लिहून भागत नाही. ‘खालच्या कडेला बोर्डवर निन्टेन्डो छापलेलं नाही, लेबलवर दाबाचा आकडा नाही, फोटो क्रमांक २ आणि ३ पाहा’ असं लिहा, आणि विक्रेत्याने मेसेजमध्ये दिलेलं उत्तर त्याला जोडा.