"ओळखलंस का?" असं त्याला विचारू नका

दादाला भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण दारातूनच विचारतो, "काय रे, ओळखलंस का मला?" विचारणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. दादाच्या तोंडून आपलं नाव निघालं की जिवाला बरं वाटेल, एवढीच आस असते. पण मी त्याच्या शेजारी बसलेली असते आणि पुढे काय होतं ते मला जवळून दिसतं. त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. नजर पाहुण्यावरून माझ्याकडे, माझ्यावरून वहिनीकडे भिरभिरते. बोटं चादरीची कड चुरगाळू लागतात. मग तो कुठलंतरी एक नाव सांगून मोकळा होतो. ते चुकलेलं असतं. पाहुण्याचा चेहरा उतरतो, आणि उतरलेला चेहरा दादाला अगदी बरोबर कळतो.

म्हणून आमच्या घरात एक नियम आहे: दादाची परीक्षा घ्यायची नाही, त्याला सांगायचं. ऐकायला साधा वाटतो, पाळायला कठीण आहे. त्यामागचं कारण सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्या घरात मेंदूला जबर मार बसलेलं माणूस आहे त्यांना ते कुणीतरी नीट बसून सांगायला हवं.

अपघात रस्त्यावरचा. त्याबद्दल फार लिहीत नाही. दवाखान्यात पोचला तेव्हा त्याचा जीसीएस, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे ते सांगणारा ग्लासगो कोमा स्केलचा आकडा, ६ होता. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाला हा आकडा पाठ असतो. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी १९७४ साली ही पद्धत मांडली. डोळे उघडतो का, बोलतो का, हालचाल करतो का, या तिन्हींचे गुण मिळवायचे. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. ८ किंवा त्याखाली म्हणजे दुखापत गंभीर. दादाच्या सीटी स्कॅनमध्ये रक्ताची मोठी गाठ दिसली नाही, तेव्हा सगळे म्हणाले, चला, सुटलो. पण जोराच्या धक्क्याने मेंदू कवटीच्या आत गर्रकन फिरतो तेव्हा एका पेशीकडून दुसरीकडे संदेश नेणारे बारीक तंतू जागोजागी ताणले जातात, तुटतात. सीटीमध्ये ते बरेचदा दिसतच नाहीत. एमआरआयमध्ये काही खुणा सापडतात, बाकीचं माणूस जागा झाल्यावर कळतं.

जागं होणं म्हणजे एका सकाळी डोळे उघडून "मी कुठे आहे?" म्हणणं नव्हे. दादाचे डोळे उघडले, तो बोलू लागला, तरी आज घडलेलं उद्यापर्यंत त्याच्याकडे राहत नव्हतं. सकाळचं दुपारी पुसलं जाई. अपघातानंतरच्या या विस्मृतीचा काळ डॉक्टर मोजतात. तो एका दिवसापेक्षा लांबला तर दुखापत गंभीर, चार आठवड्यांपेक्षा लांबला तर अतिगंभीर. दादा शेवटच्या गटातला. त्या काळात तो नाकातली नळी उपसायचा, कॉटवरून उतरू बघायचा, वहिनीला नाही नाही ते बोलायचा. आयुष्यात ज्याच्या तोंडून शिवी ऐकली नाही असा माणूस. बघवत नव्हतं.

तेव्हा तिथल्या ओटीने, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टने, एक गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातल्या रांचो लॉस अमिगोस या पुनर्वसन रुग्णालयात या सुधारणेच्या पायऱ्या ठरवल्या आहेत. मूळच्या मोजपट्टीत आठ पायऱ्या, आणि गोंधळ-चिडचिड-आरडाओरडा ही चौथी. म्हणजे पहिल्या तीन चढून माणूस इथवर आलेला असतो. ती म्हणाली, "ताई, हा खाली घसरलेला नाही, वर चढलाय." मला त्या दिवशी याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा वाटला नाही. त्या काळात करायचं काय, तर दिवे मंद, टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस, वाक्यं आखूड. समजूत घालायला दहा जण भोवती उभे राहिले की तो जास्त भडकायचा.

आता परीक्षेबद्दल. अॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी स्मृती गेलेल्या लोकांवर काम केलं आणि १९९४ साली दाखवलं, की अशा माणसांना चुकू न देता शिकवलं तर ती जास्त चांगलं शिकतात. आपण चुकांतून शिकतो, कारण मागच्या वेळी चुकलो होतो हे आपल्याला आठवतं. ज्याला ते आठवतच नाही त्याची चूक दुरुस्त होत नाही, उलट पक्की होते. प्रसंग लक्षात ठेवणारी स्मृती मोडलेली असते, पण सवय लावणारी स्मृती बरेचदा शाबूत असते. ती बिचारी बरोबर-चूक बघत नाही, जे तोंडातून निघालं ते घोटते.

दादा मला आमच्या आत्याच्या नावाने हाक मारायचा. "आठव बघू, नीट आठव," असं कुणी म्हटलं की पुन्हा तेच नाव, आणि दर वेळी आधीपेक्षा ठाम. ओटीच्या सांगण्यावरून आम्ही सगळ्यांनी विचारणं बंद केलं. खोलीत शिरताना मी म्हणायचे, "दादा, मी तुझी धाकटी बहीण," आणि पुढे माझं नाव. बाहेर जाऊन आले की पुन्हा तेच. त्याने काही म्हणायची अपेक्षाच नाही. बरेच दिवस काही झालं नाही. मग एकदा मी वाक्य सुरू केलं आणि नाव त्याने पुरं केलं. पुढचे काही दिवस कधी साधायचं, कधी नाही, पण आत्याचं नाव मागे पडत गेलं.

दाढीचंही तसंच. बेसिनसमोर उभा राहायचा, रेझर हातात, आणि तिथेच थांबायचा. आरशात बघत राहायचा. "कर ना," म्हटलं की "करतो" म्हणायचा, हात हलायचा नाही. मग वहिनी त्याच्या हातावर हात ठेवून सगळं करून घ्यायची: तोंड ओलं करणं, फेस, उजवा गाल, डावा गाल, हनुवटी, धुणं, पुसणं. रोज त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. थोड्या दिवसांनी तिने शेवटची पायरी, टॉवेलने तोंड पुसणं, त्याच्यावर सोडली. ते जमल्यावर धुणं आणि पुसणं. असं शेवटाकडून सुरुवातीकडे येत गेलं. या पद्धतीत काम दर वेळी त्याच्याच हातून संपतं, आणि वाटेत चुकायला जागा राहत नाही. आज तो गाल स्वतः करतो. हनुवटीला वहिनी लागते.

या थांबण्याचा अर्थ घराबाहेरच्यांना कळत नाही, म्हणून तो आळशी झालाय असं बोललं जातं. ऐकून माझा जीव तुटतो. कपाळामागचा मेंदूचा भाग दुखावला की सुरुवात करण्याची ताकदच जाते. दादाच्या हाताशी पाण्याचा भरलेला पेला असतो, ओठ कोरडे असतात, आणि तो तसाच बसून असतो. "पाणी हवंय का?" विचारा, "नको" म्हणेल. पेला हातात द्या, घटाघट पिऊन टाकेल. इच्छा आहे, हातही आहेत, मधला सांधा निखळलाय. तो आपण द्यायचा. "कुठला शर्ट घालतोस?" हा प्रश्न त्याला पेलत नाही. दोन शर्ट समोर धरले की तो बोट दाखवतो.

मेंदूच्या दुखापतीचा विषय निघाला की कुणीतरी फिनियस गेजचं नाव काढतोच. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमॉंटमध्ये सुरुंगाची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून आरपार गेली, तो वाचला, पण स्वभाव पार बदलला. गोष्ट इथे थांबवतात. पुढे तो चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकत होता, हे सहसा सांगत नाहीत. रोजचा ठरलेला रस्ता, ठरलेली कामं. काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की या ठरलेपणाच्या आधारानेच तो बराच सावरला असावा. मला हा पुढचा भाग फार मोलाचा वाटतो.

आमच्याकडे ठरलेपण वहीत आहे. रोजचं एक पान. सगळ्यात वर रोज तीच ओळ: "तुझा अपघात झाला, डोक्याला मार लागला, आता तू घरी आहेस, तुझी तब्येत सुधारते आहे." खाली दिवसाची कामं, कोण येणार, कोण येऊन गेलं. "मी इथे का आहे?" हे तो दिवसभरात कितीदा तरी विचारतो. उत्तर त्याच शब्दांत, त्याच सुरात द्यायचं. "आत्ताच तर सांगितलं" हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारायचं नाही.

त्याला आपल्यात काही कमी आहे हे पटत नाही, हा वेगळाच डोंगर. गाडीची किल्ली मागतो. याला हट्ट म्हणू नका. आपली उणीव स्वतःलाच न दिसणं हे दुखापतीचंच लक्षण आहे, आणि झोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने १९१४ सालीच त्याला वैद्यकीय नाव दिलं होतं. वाद घालून ते पटत नाही. आम्ही "डॉक्टर हो म्हणाले की" एवढंच म्हणतो, ते खरंही आहे, आणि किल्ली त्याच्या नजरेआड ठेवतो.

वासाचंही बघा. नाकातून मेंदूकडे जाणारे नाजूक धागे अशा माराने तुटू शकतात. दादाला करपल्याचा किंवा गॅसचा वास येत नाही. घरात असं माणूस असेल तर ते एकदा तपासून घ्या आणि त्याला एकट्याला शेगडीजवळ सोडू नका.

आणि थकवा. बाहेरून धडधाकट दिसणारा माणूस अर्ध्या तासाच्या गप्पांनी गळून जातो, कारण ऐकणं, समजणं, उत्तर जुळवणं हे सगळं त्याला ओढून काढावं लागतं. दादा डोळे चोळू लागला, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागला की भेट संपली असं समजायचं. तरीही कुणी बसून राहिलं तर तो ओरडतो, आणि पाहुणे रागीट झालाय असं म्हणत घरी जातात.

सहा महिन्यांत जेवढं सुधारेल तेवढंच, असं आम्हाला ठासून सांगितलं गेलं होतं. सुरुवातीच्या महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं. पण सुधारणा त्यानंतरही, वर्षांनुवर्षं होऊ शकते. हनुवटीची दाढी जमेल की नाही मला ठाऊक नाही, पण दार बंद झालेलं नाही.

वहिनीबद्दल थोडं. तिला सगळे म्हणतात, "वाचला हे काय कमी आहे?" वाचला याचा आनंद तिला सगळ्यात जास्त आहे. आणि ज्याच्याशी ती रात्री उशिरापर्यंत बोलत बसायची तो माणूस समोर असूनही सापडत नाही, हे दुःखही खरं आहे. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांपासून सुरुवात करून अशाच धूसर, न संपणाऱ्या वियोगाचा अभ्यास केला. शरीराने हजर आणि मनाने दूर गेलेल्या माणसाचे घरचे त्यात येतात. या दुःखाला सुतक नाही, कुणी भेटायला येत नाही, रडलं तर कृतघ्न ठरायची भीती. तिला रडू द्या. "धीर धर" म्हणू नका, ती धरूनच आहे.

तर, यायचं असेल तर जरूर या. आधी कळवा, म्हणजे वहीत तुमचं नाव लिहून ठेवता येईल. एकेकटे या. आत आल्यावर आधी आपलं नाव आणि नातं सांगा, मग खुर्ची त्याच्या समोर ओढून बसा. जुनी आठवण काढायची तर "आठवतंय का?" न म्हणता ती पूर्ण सांगा, तो ऐकतो, मधेच हसतोही. पुष्कळ वेळ गप्प बसावं लागेल, तेही चालेल. आणि शक्य असेल तर दुपारची वेळ धरा. तुम्ही त्याच्यापाशी असलात की वहिनीला आतल्या खोलीत तासभर झोपता येतं.