फणीला अंगठा नसतो

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात पारा 45 अंशांना टेकला की दुपारी रस्त्यावर उतरण्याचे धाडस फक्त कुल्फीवाला करतो, आणि म्हणूनच सुट्टीतला चित्रकलेचा वर्ग मी दुपारी ठेवतो. मुलांना त्या वेळी झोपायचे नसते आणि त्यांच्या आयांना झोपायचे असते. अशाच एका दुपारी "हात काढा" एवढेच सांगून मी पेन्सिलींना टोक करत बसलो असताना ओसरीवरच्या सगळ्या मुलांनी, जणू ठरवून, एकच कृती केली. डावा पंजा कागदावर पालथा ठेवला, बोटे फाकवली आणि कडेकडेने पेन्सिल फिरवली. निवडणुकीच्या दिवसांत भिंतीभिंतींवर रंगवला जाणारा पंजा आणि हे पंजे यांत फरक शोधून सापडला नसता.

अशा हाताला नावे ठेवण्यासारखे काही नसते, पण तो काही करतही नाही. तो बोलावत नाही, नाकारत नाही, काही धरत नाही आणि सोडतही नाही. मी मुलांना म्हटले, आता कोणाला तरी "ये" म्हणणारा हात काढा. पंजा गिरवून हे साधत नाही हे लक्षात आल्यावर बराच वेळ नुसते खोडरबर चालले, आणि मग एकाने शेजाऱ्याच्या वहीत डोकावून विचारले, "हात हाये का केयाची फनी?"

मुले हसली, पण मला ही उपमा फार सोयीची वाटली. आमच्याकडे केळीची फणी शोधायला जावे लागत नाही. ओसरीच्या कोपऱ्यात एक पडलेलीच होती. तिच्याकडे नीट पाहिले तर सगळी केळी एकाच वाकड्या रेषेवरून निघालेली दिसतात, आणि बोटांचेही तसेच असते. चार बोटांची मुळे सरळ ओळीत नसून कमानीवर असतात, आणि पहिल्या पेरांची, दुसऱ्या पेरांची अशा आणखी कमानी पुढे काढता येतात. मुलांना पेरे एकेक मोजून दाखवण्यापेक्षा या कमानी आधी काढून दिल्या की बोटे आपोआप आपापल्या उंचीला जाऊन बसतात. फणीचा धडा मात्र एवढ्यावरच संपतो, कारण फणीला अंगठा नसतो, आणि हातातली निम्मी गंमत अंगठ्यात असते. तो बाकीच्यांच्या रांगेत न बसता मनगटाजवळून, बाजूने निघतो आणि इतरांकडे तोंड करून उभा राहतो. बोटांना तीन पेरे, त्याला दोन. हाताच्या 27 हाडांपैकी 14 अशी पेरांतच संपतात.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. तळहात म्हणजे एक चपटा खोका, मनगटाकडे जरा निमुळता. अंगठ्याच्या बुडाशी एक जाडसर पाचर. बोटे म्हणजे तीन-तीन तुकड्यांच्या नळ्या. पाचही बोटे सुटी काढायला मी सुरुवातीला साफ मनाई करतो, हा माझा हेका आहे. आधी चार बोटांचा मिळून एकच पसरट ठोकळा काढायचा, तो मनगटाशी कोणत्या कोनात कलला आहे ते ठरवायचे, आणि मगच तो चिरायचा. हावभाव बोटांत असतो अशी सर्वांची समजूत असते, पण तो बहुतेक वेळा मनगटातच ठरून गेलेला असतो. मुलांना हे पटत नाही, तेव्हा मी त्यांना एका हाताने दुसऱ्या हाताचे कोपराजवळचे मांस धरायला लावतो आणि बोटे हलवायला सांगतो. बोटांत स्नायू नसतातच, त्यांना ओढणाऱ्या दोऱ्या वरून येतात, हे हाताला लागले की वर्गात थोडा वेळ भीतीयुक्त शांतता पसरते. हात फार लहान काढण्याची खोड जाण्यासाठी पंजा तोंडावर ठेवायला सांगणे पुरते. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत तो सहज पोहोचतो.

या सगळ्या खटाटोपाला कारण आहे ते चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेतले स्मरणचित्र, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायचे चित्र. बाजार, बसस्थानक, विहिरीवरच्या बायका असा कोणताही विषय द्या, माणसे काढणे आलेच, आणि माणसाला हात असतात ही अडचणही आलीच. मग चित्रातले झाडून सगळे पुरुष हात खिशात घालतात, बायका पदराखाली लपवतात आणि पोरे हात मागे बांधून उभी राहतात, म्हणजे भरल्या बाजारात कोणी काही विकत घेत नाही. एका चतुर मुलाने बैलबाजार काढला होता. आपल्याकडे दोन व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. त्यामुळे हात न काढण्याची सोय परंपरेनेच झाली, असा त्याचा हिशेब होता. पण कापडाखालून कोणाचे मनगट कुठे संपते, उपरण्याला कोणत्या बोटाने उंचवटा आला आहे, हे दाखवता दाखवता तो इतका रडकुंडीला आला की उघडे हात परवडले असते.

नाट्यशास्त्रात एका हाताच्या 24 आणि दोन हातांच्या 13 मुद्रा सांगितल्या आहेत. मी मुलांपुढे ती यादी ठेवत नाही. दूधवाल्याने "उद्या नाही" म्हणून हलवलेला हात आणि कंडक्टरने सुट्ट्या पैशांसाठी पुढे केलेला हात यांतच आमचे दोन रविवार जातात. हल्ली मुले मोबाइलवर पाहून हात काढतात, आणि त्यातला "ये" म्हणणारा हात तळवा वर करून एका बोटाने बोलावतो. आमच्या गावात असे कोणी कोणाला बोलावल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपण तळवा खाली ठेवून चारही बोटे आपल्याकडे ओढतो, आणि म्हाताऱ्या बायका तर एवढ्या जोराने ओढतात की बोलावले की हाकलले ते जवळ जाईपर्यंत कळू नये.

छायांकनाबद्दल माझी मते याहून ताठर आहेत. बोट घासून पेन्सिल पसरवणे मला खपत नाही; त्याने हात मऊ दिसतो, गोल दिसत नाही. अजिंठा आमच्यापासून फार दूर नाही, आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा कमळ धरलेला उजवा हात सहलीला गेलेल्या प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. तिथे दिवा एका बाजूला ठेवल्यासारखी सावली नाही. कडेकडेने रंग जरा गडद होत जातो आणि तेवढ्याने बोट गोल होते. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, छटा देण्याच्या या कामाला वर्तना म्हटले आहे आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानावरच्या शिरांप्रमाणे रेघांनी, अगदी सूक्ष्म छटेने आणि ठिपक्यांनी. घासण्याचा प्रकार त्यात नाही, असे मी मुलांना जरा जास्तच अभिमानाने सांगतो.

दिवा मात्र मी खाली, जमिनीलगत ठेवतो, आणि याचे कारण चित्रकलेत नसून आमच्या जुन्या स्वयंपाकघरात आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजी मांडे करायची. तिंबून तिंबून सैल केलेल्या कणकेत पुरण भरून ती लाटी पोळपाटावर थोडी वाढवायची आणि मग दोन्ही हातांवर घ्यायची. मुठी अर्धवट मिटलेल्या, बोटांची टोके आत वळवलेली, कारण नख लागले तर मांडा फाटणार. मनगटे एकमेकांभोवती फिरत राहायची आणि पोळी हातांच्या पाठीवरून कोपराकडे पसरत जायची, मग एका झोक्यात पालथ्या खापरावर. उजेड चुलीचा, म्हणजे खालून येणारा. त्यामुळे तिच्या हातांची खालची बाजू तांबूस उजळायची आणि वरची, जिथे दिवसा शिरा दिसत, ती काळोखात जायची. ती पातळ पोळी हातांवर असताना तर तिच्यातून बोटांच्या सांध्यांच्या सावल्या दिसत. तो हावभाव कोणत्या आकारांत बसवावा हे मला आजही नीट सांगता येणार नाही. तिथे खोका आणि नळ्या यांचे काही चालत नाही.

या उन्हाळ्यात मोठ्या गटातल्या एका मुलीने वेगळाच प्रश्न काढला. तिचे वडील केळी कापणाऱ्या टोळीत जातात. तिने विचारले, "सर, पप्पांच्या हातावर उजेड पडतो तिथेच काळे आहे. मग ती सावली म्हणायची का?" केळीचा चीक वाळून काळा पडतो आणि कपड्यावरून तर तो कधीच जात नाही, हे आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही, पण छायांकनाच्या धड्यात तो आजवर कोणी आणला नव्हता. मी तिला सांगितले की दिवा हलवला की जी हलते ती सावली, आणि जो जागचा हलत नाही तो डाग. आधी हात पांढऱ्या मातीचा आहे असे समजून त्याची छाया पूर्ण कर, आणि मग शेवटी 4 बी पेन्सिलीने नखांच्या कडांत आणि तर्जनीच्या वळणात डाग भर. मग रविवारी वडिलांना घेऊन ये, असेही म्हटले.

ते आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि हात इतके घासून धुतले होते की बोटांची कातडी लालसर झाली होती. डाग पुरते गेले नव्हते, पण फिकटले होते. मुलगी हिरमुसून म्हणाली, "पप्पा, कशाला धुतले?" ते ओशाळून हसले आणि हात मांडीवर पालथे ठेवून बसले. आम्ही तेच हात काढले. पुढच्या वेळी न धुता या, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे ते मला अजून सुचलेले नाही.