आजीच्या लुगड्यांची गोधडी

आजी गेल्यावर तिची लुगडी ट्रंकेत तशीच राहतात. देऊन टाकायला मन धजत नाही आणि नेसणारं घरात कुणी उरलेलं नसतं. दोन-तीन पावसाळे गेले की घड्यांवर पिवळे डाग येतात, कसर लागते, आणि नेमकं घडीच्या रेषेवर कापड विरतं. म्हणून कळकळीने सांगावंसं वाटतं, ती लुगडी लवकर बाहेर काढा आणि त्यांची गोधडी शिवा. कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात. आजीच्या मायेची ऊब वगैरे आपण बोलतो, पण ती ऊब अंगावर घेता येते हे विसरतो.

कात्री लावण्याआधी एक काम करा. आत्या, मावशी, काकू, जी कुणी थोरली माणसं असतील त्यांना बोलवा आणि एकेक लुगडं त्यांच्यासमोर पूर्ण उलगडा. बायका काठावरून आणि पदरावरून लुगडं ओळखतात. हे नातवाच्या बारशाचं, हे पंढरपूरहून आणलेलं, हे रोजच्या वापरातलं. सगळं वहीत लिहून घ्या, प्रत्येकाचा फोटो काढा. एकदा चौकोन कापले की ही ओळख निम्मी पुसली जाते.

मग वाटणी. गोधडीच्या अंगाला फक्त सुती लुगडी. नायलॉन, टेरिलीन बाजूला ठेवा, ते घाम शोषत नाहीत, थरांमध्ये सरकतात, आणि सुती कापड धुतल्यावर आटलं तरी ते आटत नाहीत, त्यामुळे गोधडीला चुण्या पडतात. इरकली लुगड्याचं अंग सुती असेल तरी पदर बहुधा रेशमी असतो. पदर कापून वेगळा करा आणि एका कोपऱ्यावर सुती कापडाच्या आधाराने लावा. जरीचे काठ टोचतात, तेही उसवून घ्या. पैठणी असेल तर तिला कात्री लावू नका, तिची जागा गोधडीत नाही.

लुगडी एक रात्र साध्या पाण्यात भिजवा, दुसऱ्या दिवशी साबणाने धुवा, आणि पाणी बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत खळबळा. खळ राहिली तर सुई अडते आणि पुढे कसरीला खाऊ मिळतो. लाल आणि गडद हिरव्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघा, रंग जात असेल तर ते लुगडं आतल्या थरात घालू नका, वरचं फिकट कापड डागाळेल. शेवटी कापड उजेडाकडे धरा. जिथून पलीकडची बोटं स्पष्ट दिसतात ते विरलेलं. नऊवारीत बसण्याच्या जागी कापड आधी विरतं. असा भाग आत जाईल, वर येणार नाही.

मापाचा हिशोब सोपा आहे. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच धरला तर ९० इंचांचे तीन तुकडे निघतात आणि ५४ इंच कापड उरतं. तिसरा तुकडा उभा चिरून १५ इंचांच्या तीन पट्ट्या करा, पहिल्या दोन तुकड्यांना एकेक पट्टी जोडा. साधारण ६० बाय ९० इंचांचे दोन थर तयार, एक पट्टी ठिगळांना शिल्लक. तीन लुगड्यांचे सहा थर होतात आणि एका माणसाच्या गोधडीला तेवढे पुरतात. पन्हा मात्र आधी मोजा, जुन्या लुगड्यांत तो सारखा नसतो.

जमिनीवर खालचा थर ताणून पसरा, कोपऱ्यांवर पाट ठेवा. आतले चार थर चारही बाजूंनी दोन-दोन इंच कमी हवेत, म्हणजे वरच्या आणि खालच्या थराची कड आत मुडपता येते. प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्याने सारखा करा. मग थर सरकू नयेत म्हणून वीत-वीत अंतरावर कच्चा दोरा घाला, म्हणजे नंतर काढून टाकायचे लांब टाके. घाईत हीच पायरी सुटते आणि शेवटी गोधडीच्या पोटात फुगा येतो. तो फुगा नंतर काही केल्या बसत नाही, उसवावंच लागतं.

पक्का धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत न्यायचा. सर्वांत जास्त झिजणारी कड आधी बांधली जाते, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला गाठ मारावी लागत नाही. दोरा जाड सुती, एका वेळी वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून मावेल तेवढा, त्याहून लांब घेतला की गुंततो आणि घासून कमकुवत होतो. दाभण नको, जुन्या कापडाला भोकं राहतात. लांब, मध्यम जाडीची सुई आणि बोटात अंगुस्तान पुरे. ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर दीडशे मीटरच्या आसपास दोरा जातो, अर्धा इंच ठेवलं तर दुप्पट. टाका फार ओढला तर कापड गोळा होतं, ढिला सोडला तर पायाचं बोट अडकून दोरा तुटतो.

आजीने स्वतः शिवलेली एखादी गोधडी घरात असेल तर ती आधी उलटी करून उजेडात नीट बघा. वीतभर अंतरात तिचे किती टाके आहेत ते मोजा. वर दिसणारा टाका तांदळाच्या दाण्याएवढा आहे की ज्वारीच्या, तो किंचित कुठल्या बाजूला कलतो, कोपऱ्यावर ती दोरा कसा वळवते, नवा दोरा कुठे सुरू करते, गाठ कुठे दडवते. कुणाकुणाच्या ओळी शेवटाकडे दाट होत जातात. हे प्रत्येकीचं वेगळं असतं, अक्षरासारखं. जुन्या फडक्यावर तेच टाके दोन-चार दिवस गिरवले की हात त्या वळणावर येतो. माझ्या मते साडीच्या कापडापेक्षाही ही आठवण मोलाची आहे, आणि ती शिंप्याकडच्या मशीनवर मिळत नाही.

धुताना मशीनमध्ये पिळू नका, भिजल्यावर वजन वाढतं आणि जुनं कापड शिवणीपाशी फाटतं. थंड पाण्यात बुडवून, पायांनी हलके तुडवून, बांबूवर निथळत ठेवा. दसऱ्याआधी कडक ऊन पडलं की गोधड्या धुवायची पद्धत आहे, तो मुहूर्त अजूनही योग्यच.

आणि आजीची जुनी गोधडी फाटली असेल तर ती उसवू नका. वरून-खालून तिच्याच लुगड्याचा नवा थर चढवा आणि पुन्हा धावदोरा घाला. गोधड्या अशाच वाढत आल्या आहेत. एखादी जुनी, जड गोधडी कडेला उसवली की आत आणखी एक गोधडी निघते, विरलेली, वेगळ्या काठाची, वेगळ्या हाताच्या टाक्यांची.