सालईचा डिंक आणि आईचे गुडघे

आईचे गुडघे सहा-सात वर्षांपासून दुखतायत. पेनकिलर घेतली की गुडघा शांत आणि पोटात आग, म्हणून ती गोळी लपवून ठेवायची आणि आम्ही विचारलं की घेतली म्हणायची. शेवटी डॉक्टरांनीच शल्लकीची कॅप्सूल लिहून दिली. शल्लकी म्हणजे आपली सालई असं मी सांगितलं तर आई म्हणे, "थे तं आपल्या जंगलातलं झाड होय ना, आमी तिचा डिंक इस्तवावर टाकत होतो!" तिचं माहेर परतवाड्याकडचं, मेळघाटाच्या पायथ्याशी. खडकाळ उतारावर राखाडी-हिरवट खोडाची, कागदासारखी साल सुटणारी झाडं उभी असतात ना, तीच. पानं झडली की फुलं येतात. संस्कृतात हिला गजभक्ष्या म्हणतात कारण हत्ती आवडीने खातात, आणि बुऱ्हाणपूर-खंडवा लाईनवर नेपानगरला वर्तमानपत्राचा कागद बनवायची मिल उभी राहिली ती सुद्धा सालईच्या लाकडाच्या जोरावर.

मग मी रात्री बसून वाचायला लागले आणि खरंच थक्क झाले. डिंकात बॉस्वेलिक ॲसिड्स असतात, त्यातलं सगळ्यात जोरदार म्हणजे एकेबीए. आपल्या नेहमीच्या पेनकिलर्स कॉक्स नावाचं एन्झाइम अडवतात, त्याने सूज कमी होते पण पोटाच्या अस्तराला जपणारे प्रोस्टाग्लँडिन्सही कमी होतात, आईची आग तिथूनच. एकेबीए दुसऱ्याच रस्त्यावर बसतं, ५-लिपॉक्सिजनेज या एन्झाइमवर, ज्यातून ल्युकोट्राईन्स बनतात, आणि ही ल्युकोट्राईन्स पांढऱ्या पेशींना सूज आलेल्या जागी बोलावून घेतात. १९८० च्या दशकात जम्मूच्या रीजनल रिसर्च लॅबोरेटरीत सिंग आणि अटल यांनी प्राण्यांवर या डिंकाचा सूज कमी करणारा गुण दाखवला, पुढे जर्मनीत आमोन यांच्या गटाने हे एन्झाइमचं कोडं सोडवलं, आणि २०२० मध्ये तर एकेबीए त्या एन्झाइमला नेमकं कुठे चिकटतं त्याचं, एन्झाइमचे स्फटिक करून काढलेलं चित्रच आलं.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती नागपूरची ट्रायल. इंदिरा गांधी मेडिकल कॉलेजमध्ये किम्मतकर, ठावानी आणि इतरांनी गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, म्हणजे सांध्यातली गादी झिजून गुडघे दुखणारे ३० पेशंट घेतले, अर्ध्यांना आठ आठवडे अर्क, अर्ध्यांना औषध नसलेली खोटी गोळी, मग मध्ये गॅप देऊन अदलाबदल. २००३ मध्ये छापून आलं. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रेमध्ये मात्र काहीच फरक नाही. म्हणजे झिजलेली गादी परत येत नाही, सूज आणि दुखणं उतरतं. ३० पेशंट म्हणजे लहान ट्रायल, मान्य आहे, पण नीट केलेली आहे आणि आपल्या विदर्भातल्याच माणसांच्या गुडघ्यांवर केलेली आहे.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, बाजारातली सुटी पावडर घेऊ नका. आम्ही आधी एका दुकानातून आणली होती, महिनाभर काही फरक नाही आणि त्यात नक्की काय होतं देव जाणे. हे ॲसिड्स पाण्यात विरघळत नाहीत, पोटातून कमी शोषले जातात, तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घेतले तर रक्तात जास्त पोचतात, म्हणून आई जेवणानंतरच घेते, वरणभातावर तूप असतंच. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

तीन महिन्यांनी परत एक्स-रे काढला, जसा होता तसाच, नागपूरच्या पेशंटांसारखा. मांडी घालून बसणं आईला अजून जमत नाही. पण भाजीबाजारात आता पायी जाते, येताना पिशवी मला देत नाही, आणि फेब्रुवारीत सालई फुलली असेल तर माहेरी ने म्हणते.