अंडी 'रन आउट' झाली तेव्हा

'रन आउट' म्हटलं की मला उडालेल्या यष्ट्याच दिसायच्या. दोन क्रिकेटवेड्या भावांच्या घरात वाढल्यावर दुसरं काय होणार! त्यामुळे लीड्समधल्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात कामाच्या दुसऱ्याच दिवशी 'वी हॅव रन आउट ऑफ एग्ज' असं कानावर पडलं, तेव्हा अंडी कुठे धावली ते मला कळेना. अंडी संपली होती, एवढंच. माझ्या आजीने तर 'संपली' असंही म्हटलं नसतं. तिच्या घरात तांदूळ, मीठ कधी संपलं नाही, ते 'वाढायचं'. म्हणजे आडवळणाने बोलायची खोड एकट्या इंग्रजांची नाही, पण हे शहाणपण पुढे सुचलं.

माझं इंग्रजी तसं वाईट नव्हतं. कराडला मराठी शाळा, मग बी.कॉम., मग पुण्यात चार वर्षं ऑफिस. 'कन्झ्यूम', 'रिड्यूस', 'प्रिपेअर' असले शब्द मी झोपेतही लिहिले असते. स्वयंपाकघरात मात्र कोणी काही 'कन्झ्यूम' करत नाही. तिथे गो, टर्न, कट, टेक असली चौथीतली क्रियापदं, आणि प्रत्येकाला अप, डाउन, ऑफ, आउट अशी शेपटी. त्यात शाळेतल्या दुपारच्या जेवणाला 'डिनर' आणि इथल्या बऱ्याच घरांत रात्रीच्या जेवणाला 'टी' म्हणतात. मला कोणी टीला बोलावलं तर मी घरून जेवून निघाले असते.

तिसऱ्या दिवशी कस्टर्ड होतं. मी मोठ्या पातेल्यात ढवळत होते. आमची मुख्य स्वयंपाकीण साठीची, सगळ्यांना 'लव्ह' म्हणून हाक मारणारी यॉर्कशरची बाई. ती पलीकडून ओरडली, "टर्न इट डाउन, लव्ह, इट विल बॉइल ओव्हर!" टर्न डाउन म्हणजे नाकारणे. इथे आल्यावर नोकरीचे दोन अर्ज टर्न डाउन झाले होते, त्यामुळे हा अर्थ चांगलाच मुरला होता. कस्टर्ड नाकारायचं कसं याचा विचार करत मी डाव हातात धरून उभी राहिले, तोवर पिवळा फेस काठावरून ओघळला आणि गॅसवर चर्र झालं. तिने येऊन बटण फिरवलं, आच बारीक केली. बॉइल ओव्हर म्हणजे उतू जाणं, हे मात्र कोणी समजावून सांगावं लागलं नाही. वास्तुशांतीला आम्ही मुद्दाम दूध उतू घालवतो, शुभ असतं, असं मी तिला सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या हातात घासणी दिली.

त्या रात्री वही काढली. आधी शाळेतल्यासारखं, अपची क्रियापदं एका पानावर, डाउनची दुसऱ्या पानावर, समोर इंग्रजीतून अर्थ. आठवड्याभरात सगळ्याची खिचडी झाली. मग इंग्रजी अर्थ खोडून तिथे मराठी क्रियापद लिहायला लागले, आणि जमायला लागलं. बॉइल डाउन, आटवणे. बॉइल अवे, पाणी आटून पातेलं कोरडं पडणे. वॉटर डाउन, पाणी घालून वाढवणे (पाहुणे वाढले की आमटीचं होतं ते). पॉलिश ऑफ, फस्त करणे. वुल्फ डाउन, बकाबका खाणे. आणि पिक ॲट म्हणजे चिवडणे. ताटातले वाटाणे काट्याने इकडून तिकडे ढकलणारी पोरं रोज समोर दिसत होती, त्यामुळे हा शब्द एकदाही पाठ करावा लागला नाही.

'अप'ने मात्र दमवलं. ईट आणि ईट अप यात फरक काय? उत्तर मिळालं ते स्वतःच्याच तोंडून. सकाळी घाईत लेकीला ओरडत होते, "ते दूध पिऊन टाक बघू आधी!" आणि थबकले. पिऊन टाक. टाकायचं कुठे आहे? मराठी शिकणाऱ्या एखाद्या साहेबाने विचारलं असतं, की प्यायचं का टाकायचं ते एकदा ठरवा. आपण क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडतो, ते 'अप' जोडतात. ड्रिंक अप, पिऊन टाक. ईट अप, संपवून टाक. फिनिश अप, उरकून टाक. त्या दिवशी मी वहीत 'टाक' या शब्दाभोवती तीन वेळा गोल केला.

हे सूत्र सगळीकडे लागू पडत नाही, हेही लगेच कळलं. टॉप अप म्हणजे पेल्यात वरून आणखी ओतणं. विप अप म्हणजे झटपट काहीतरी करून वाढणं, आपल्या पिठल्यासारखं. वॉश अप म्हणजे इथे भांडी घासणं, पण अमेरिकेत हात-तोंड धुणं. न्यू जर्सीची नणंद आमच्याकडे आली असताना माझी वॉश अपची हाक ऐकून ती शांतपणे हात धुऊन टेबलाशी येऊन बसली. तिला वाईट वाटू नये म्हणून नवऱ्याने भांडी घासली.

शब्दांच्या जागांचाही घोळ होता. हीट अप द सूप चालतं, हीट द सूप अपही चालतं. पण सूपऐवजी 'इट' आलं की ते मध्येच बसणार, हीट इट अप. 'हीट अप इट' म्हटलं की स्वयंपाकीणबाईच्या भुवया वर जायच्या. पिक ॲटचं मात्र उलट, तिथे 'इट' शेवटीच. याचा नियम पुस्तकात आहे, पण मला तो तिच्या भुवयांनी शिकवला.

खरा कस लागला तो अन्नसुरक्षेच्या लेव्हल टू परीक्षेत. पर्याय निवडायचे होते, आकडे पाठ होते. फ्रिज ५ अंशांवर किंवा खाली, गरम ठेवलेलं अन्न ६३ अंशांच्या वर, शिजवताना गाभ्यापर्यंत ७० अंश दोन मिनिटं. अडचण होती हीट अप आणि हीट थ्रू यांची. मी दोन्हीसमोर 'गरम करणे' लिहून मोकळी झाले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईने कालचा 'पाय' (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) ओव्हनमधून काढला, मधोमध तापमापीची सुई खुपसली आणि आकडा मला दाखवला. वरून वाफा निघत होत्या, आत ४१. "हीटेड अप," ती म्हणाली, आणि पाय परत आत ढकलला, "नॉट हीटेड थ्रू." उकडीच्या मोदकाची पारी शिजलेली आणि सारण गार, तसं. घरी जाऊन 'थ्रू'समोर लिहिलं, 'आतपर्यंत'. दुसऱ्या दिवशी पास झाले.

निकालाच्या दिवशी मुलं जेवून गेल्यावर तिने माझ्यासाठी ताट वाढलं, पाय, वाटाणे, ग्रेव्ही, आणि म्हणाली, "टक इन, लव्ह." मी खाली पाहिलं आणि बाहेर आलेला टी-शर्ट पँटमध्ये खोचला. शाळेत सरांनी 'शर्ट इन कर' म्हटल्यावर मुलं खोचायची तसा, व्यवस्थित. ती टेबलाला धरून हसत होती. चांगला आडवा हात मार, असं म्हणत होती बिचारी.

परवा सकाळी लेक फ्रिजसमोर उभी राहून म्हणाली, "आई, दूध ऑफ गेलंय." तिला नासणे शब्द मी कधी शिकवलाच नव्हता बहुतेक. बाटली हातात घेऊन वास घेतला. गेलं होतं.