मिरजेत तीन दिवस: तंबोऱ्याची जवारी आणि दर्ग्यातील संगीतसभा

माझा तंबोरा मिरजेत घडलेला आहे. बावीस वर्षांपूर्वी तो एका परिचितांकरवी मागवला होता, त्यामुळे ज्या गल्लीत तो तयार झाला ती मी कधी पाहिली नव्हती. गेल्या वर्षभरात त्याची जवारी, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या घोडीची नाद खुलवणारी घडण, हळूहळू बसत गेली. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार छेडली की नाद लगेच विझू लागला, आणि तिच्या नादातून आपोआप उमटणाऱ्या ज्या स्वयंभू गंधाराच्या आधाराने मी गळा लावायला शिकले तो ऐकू येईनासा झाला. गावातल्या एकाने किरकोळ दुरुस्ती करून पाहिली, पण त्याने नाद मोकळा होण्याऐवजी पत्र्यासारखा कर्कश झाला. शेवटी तंबोरा घेऊन स्वतःच मिरजेला जायचे आणि त्याच फेरीत सूफी संत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसानिमित्त दर्ग्यात होणारी संगीतसभा ऐकायची, असे ठरवले.

उरुसाची तारीख चांद्र गणनेप्रमाणे येते, म्हणजे इंग्रजी दिनदर्शिकेत ती दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. मागच्या वर्षीची तारीख पाहून रेल्वेचे आरक्षण करू नये. मिरज-सांगलीतल्या कुणाला तरी विचारून नक्की करावे. मिरज हे मोठे जंक्शन असल्याने पोहोचण्याची अडचण नाही. मुंबई-पुण्याहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पहाटेच्या सुमारास मिरजेत येते आणि वाद्य बरोबर असेल तर हीच गाडी सोयीची, कारण रात्रीच्या प्रवासात वरचा बर्थ घेऊन तंबोरा शेजारी आडवा ठेवता येतो. निघण्यापूर्वी तारा थोड्या उतरवून घ्याव्यात, पण पूर्ण सैल सोडू नयेत. तारांचा दाब गेला की घोडी जागची हलण्याचा संभव असतो. भोपळ्याभोवती जुनी गोधडी गुंडाळावी. भोपळा दिसायला दणकट असला तरी एका धक्क्याने तडकतो, आणि तडकलेला भोपळा सांधता आला तरी नाद पूर्वीसारखा राहील याची खात्री कुणी देत नाही.

मुक्कामाच्या बाबतीत मला फटका बसला. फोनवरून राखून ठेवलेली खोली मी पोहोचले तेव्हा दुसऱ्याला दिलेली होती आणि उरुसाच्या गर्दीमुळे जवळपास कुठेही जागा उरली नव्हती. पहाटे तंबोरा खांद्याला टेकवून तासभर फिरल्यावर सांगलीत खोली मिळाली. सांगली मिरजेपासून दहा-एक किलोमीटरवर आहे आणि बस व रिक्षा सतत चालू असतात, पण संगीतसभा रात्री उशिरापर्यंत चालते, त्यामुळे परतीची रिक्षा आधीच बोलून ठेवावी लागते. पुढच्या वेळी मी आगाऊ रक्कम भरून त्याची पावती घेतल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही.

सतारमेकर गल्लीत सकाळी दहाच्या सुमारास जावे. तेव्हा दुकाने उघडलेली असतात आणि कारागीर कामाला बसलेले असतात. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बैठी घरे, पुढच्या खोलीत काम आणि मागे संसार अशी बहुतेक ठिकाणी रचना आहे. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले असतात. हे कडू भोपळे प्रामुख्याने पंढरपूर भागातून येतात. चांगल्या घेराचा, जाड सालीचा आणि डाग नसलेला भोपळा निवडणे हेच मोठे कौशल्याचे काम आहे, कारण पुढे दांडी, तबली (भोपळ्यावरचे लाकडी झाकण) आणि खुंट्या कितीही नीट बसवल्या तरी भोपळ्यातच दोष असेल तर वाद्य बोलत नाही. भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, कापतात आणि आतून काठ्यांचा ताण देऊन हव्या त्या आकारात आणतात. दांडीसाठी तून किंवा लाल देवदाराचे लाकूड वापरतात. एका खोलीत एक तरुण दांडीवर लाखेचे पॉलिश चढवत होता आणि त्याच्यामागे त्याची आई खुंट्यांच्या टोकांवर लावायच्या पांढऱ्या नक्षीच्या पट्ट्या कापत बसली होती.

ही विद्या मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रुजली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब हे तिचे मूळ पुरुष मानले जातात. शस्त्रांची मागणी ओसरत असताना पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गावात गवयांची वर्दळ वाढली, आणि बाहेरून येणारी वाद्ये दुरुस्त करता करता या घराने ती घडवायला सुरुवात केली. आजही गल्लीतील अनेक कुटुंबे त्याच वंशातली आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान लोकांच्या बोलण्यात जाणवतो. मात्र इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यामुळे मागणी घटल्याची चिंताही तितकीच जाणवते. ज्यांना ऐपत आहे त्यांनी घरात एक खरा तंबोरा ठेवावा, असे मला मनापासून वाटते, आणि मिरजेहून परतल्यावर ते अधिकच वाटते.

ज्या वयोवृद्ध कारागिरांकडे मी गेले त्यांना सारे चाचा म्हणत होते, म्हणून मीही तसेच म्हटले. त्यांनी गोधडी सोडली, तंबोरा उभा धरला आणि एकही तार न छेडता भोपळ्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली. मग म्हणाले, "भोपळा चांगला आहे, ताई. घोडी कुणीतरी नाहक खरवडली आहे. बसा निवांत, याला घाई चालत नाही."

पुढचे तीन तास मी त्यांच्यासमोर बसून होते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा पाहताना सपाट वाटतो, पण त्याला अतिशय सूक्ष्म उतार असतो. तार त्या उताराला किंचित स्पर्श करत कंप पावते, म्हणूनच एका तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या पोटातले अनेक स्वर उमलतात. वर्षानुवर्षांच्या वापराने तारा घोडीत खाचा पाडतात, उतार बिघडतो आणि नाद बंद होतो. तो उतार पुन्हा साधणे म्हणजे जवारी काढणे. चाचांनी तारा उतरवल्या, बारीक कानशीने घोडीवर सात-आठ हात फिरवले, भुकटी फुंकली, तार चढवली, छेडली, मान हलवली आणि पुन्हा उतरवली. हे किती वेळा झाले ते मोजायचे मी नंतर सोडून दिले. कानस फिरवताना ते घोडीकडे पाहत नसत. नजर समोरच्या भिंतीवर असे आणि बोटांना काय लागते तेवढ्यावर काम चाले. बाहेर एक मुलगा पत्र्याचा डबा वाजवत होता. चाचांनी मान वर केली, त्याबरोबर पलीकडच्या दारातून कुणीतरी मुलाला हाक मारली आणि डबा थांबला. जवारी चालू असताना आसपासची घरे आवाज आवरतात, हे सांगावे लागत नसावे.

शेवटी प्रत्येक तारेखाली दोरा सरकवण्याचे काम उरले. साधा सुती दोरा, पण तो केसभर पुढे-मागे झाला तरी नाद बदलतो. पंचम झाला, जोडीचे म्हणजे मधल्या दोन तारांचे दोन्ही षड्ज झाले. खर्जाच्या तारेपाशी मात्र ते बराच वेळ अडले. मग अचानक दोरा एका जागी बसला आणि खोलीत गंधार उभा राहिला. कुणीही न छेडलेला, स्पष्ट आणि स्थिर गंधार. चाचांनी तंबोरा माझ्याकडे कलता करून "कान दांडीला लावा" असे सांगितले. मी गाल दांडीवर टेकवला तेव्हा तो स्वर कानात येण्याआधी गालाच्या हाडात जाणवला. माझे डोळे भरून आले, आणि चाचांनी शांतपणे मान फिरवून हत्यारे आवरायला घेतली.

या कामासाठी जाणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. उरुसाच्या दिवसांत कारागीर व्यग्र असतात, म्हणून आठवडाभर आधी फोन करून वेळ घ्यावी. आपण कोणत्या पट्टीत, म्हणजे कोणता स्वर षड्ज धरून, गातो ते नेमके सांगावे आणि शक्य असल्यास समोर बसून त्या पट्टीत थोडे गावे, कारण जवारी पट्टी धरूनच काढली जाते. पेटीवरच्या काळी चार या पट्टीसाठी उघडलेला तंबोरा पांढरी एकला तसाच बोलत नाही. जवारी खुली (मोकळ्या, झणझणत्या नादाची) हवी की गोल (मऊ, आवरलेल्या नादाची), हेही आपल्याला सांगता आले पाहिजे. वाद्य त्या रात्री तिथेच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावे, म्हणजे ताण बसल्यावर फरक पडला तर लगेच सुधारता येतो. नवी घोडी बसवायची झाल्यास ती कशाची आहे ते विचारून घ्यावे. सांबरशिंगाची घोडी आता कायद्याने मिळत नाही, हाडाची किंवा कृत्रिम द्रव्याची मिळते. मोबदल्यात घासाघीस करू नये. तीन तास एकाग्र होऊन केलेल्या कामाचा तो दाम आहे.

दर्गा गल्लीपासून फार दूर नाही. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर याच आवारात आहे. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोविल स्थानकावर त्यांचे निधन झाले आणि तिथून त्यांचा देह मिरजेला आणण्यात आला. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणारी सभा ही स्वरांची हजेरी मानली जाते. तिकीट नाही, आसनक्रमांक नाहीत. आवारातील चिंचेच्या झाडाखाली गाण्याची परंपरा आहे, आणि नावाजलेले कलावंत व नुकतेच शिकू लागलेले विद्यार्थी एकाच बैठकीवर येऊन जातात. उरुसात गलेफ (कबरीवर घालायची चादर) अर्पण करण्याचा पहिला मान चर्मकार समाजाचा आहे. सभेला माझ्या एका बाजूला हार विकून आलेली एक बाई होती, दुसऱ्या बाजूला सांगलीचे निवृत्त शिक्षक, आणि पुढे सतारमेकर गल्लीतले चार-पाचजण मांडी घालून बसले होते.

आता ध्वनिक्षेपक असतो आणि गर्दी पाहता तो हवाच. तरीही मूळ नाद ऐकायचा असेल तर सभेच्या अर्धा-पाऊण तास आधी जाऊन बैठकीच्या अगदी जवळ बसावे. कलावंत तंबोरे जुळवत असतात, ध्वनिक्षेपक अजून बंद असतो आणि त्या वेळी दोन तंबोऱ्यांचा नाद एकमेकांत मिसळताना थेट ऐकू येतो. त्या पाऊण तासासाठीही मी पुन्हा मिरजेला जाईन. चाचा माझ्यापुढेच बसले होते. तंबोरे जुळत आले तसे त्यांनी शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच विचारले, "डावीकडचा तुमच्या भावाने केलेला ना?" शेजाऱ्याने होकार दिला. वाद्य त्यांच्यापासून पंधरा फुटांवर होते आणि त्याची दांडी वादकाच्या खांद्याआड होती.

दर्ग्यात जाताना डोके झाकण्यासाठी ओढणी किंवा रुमाल ठेवावा, चपला नीट सांभाळाव्यात आणि भारतीय बैठकीची सवय नसल्यास छोटी उशी न्यावी. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी संयोजकांना विचारावे. आवर्तन सुरू असताना उठू नये; दोन गायनांच्या मध्ये भरपूर वेळ मिळतो. उरूस थंडीच्या दिवसांत आला तर रात्री गारठा पडतो, म्हणून अंगावर शाल असावी.

तिसरा दिवस मी नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड यांसाठी ठेवला होता. दोन्ही गावे बसने सहज होतात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील दत्तमंदिरात पालखीच्या वेळी सारे मिळून पदे म्हणतात, ती घाटाच्या पायऱ्यांवर बसून ऐकावीत. पालखीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि पावसाळ्यात नदीचे पाणी थेट मंदिरात शिरते, तेव्हा चौकशी करूनच जावे. कुरुंदवाड हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे जन्मगाव. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाल्यावर उपचारांसाठी ते मिरजेला आले, तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ज्यांना उरुसाची तारीख साधता येत नाही त्यांनी नवरात्रात यावे. मिरजेच्या अंबाबाई मंदिरातही तेव्हा संगीत महोत्सव होतो.

निघण्यापूर्वी तंबोरा घ्यायला गेले तेव्हा चाचांनी कागदाच्या पुडीत दोऱ्याचे चार तुकडे बांधून दिले. प्रवासात दोरा हमखास सरकतो, म्हणून तारेखालची त्याची जागा दिसेल असे घोडीचे छायाचित्र त्यांनी माझ्याच मोबाइलवर काढायला लावले. घरी पोहोचल्यावर पहिला दिवस तारा चढवू नयेत, वाद्याला खोलीतल्या हवेची सवय होऊ द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी खर्जापासून नव्हे तर जोडीपासून सुरुवात करावी, असे त्यांनी बजावले. मी तसेच केले. पंचम थोडा चढा लागत होता, तो तारेत ओवलेला मणी सरकवून उतरवला. छायाचित्र समोर ठेवून खर्जाचा दोरा केसभर मागे घेतला आणि गंधार आला.